मुरब्याच्या अंगणातला तास

शेलारसरांना माफी मागायची हौस होती. हौस हा शब्द मी विचार करूनच वापरते आहे. कुणाला नाटकाची असते, कुणाला दागिन्यांची, तशी त्यांना ही. फळ्यावर बाण उलटा निघाला तर खडू खाली ठेवून ते साऱ्या वर्गाला हात जोडत. शिपायाने आणून ठेवलेला चहा बोलण्याच्या नादात गार झाला तर शिपायाची माफी मागत, वास्तविक तो गार चहा प्यायचा त्यांनाच होता. एकदा कार्यशाळेच्या दारात झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला, तर तिथेच उकिडवे बसून त्याची समजूत काढत राहिले आणि सगळी तुकडी पाने-पक्कड हातात धरून ताटकळत उभी राहिली.

मी त्यांची सहकारी. बोईसरजवळच्या एका खाजगी आयटीआयमध्ये ते डिझेल मेकॅनिकचा वर्ग घेत आणि मी वायरमनचा. आमच्या कार्यशाळांमध्ये पत्र्याची एकच भिंत होती, त्यामुळे त्यांची तुकडी जे शिकायची ते माझीही तुकडी शिकायची, आणि नाइलाजाने मीही. सर मूळचे कोरेगावकडचे. तरुणपणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आले, सालवडला खोली घेतली, पुढे शिकवायला लागले आणि इथलेच झाले. बुटके, रुंद, शर्टाच्या खिशात कायम खडू, त्यामुळे प्रत्येक शर्टाचा खिसा पांढरा. मनात आलं की समोर जे असेल त्यावर आकृती काढायचे. टेम्पोच्या दारावर, रस्त्यावर, एकदा तर आमच्या प्राचार्यांच्या नव्याकोऱ्या गाडीच्या बॉनेटवर. त्याची माफी त्यांनी आठवडाभर मागितली.

कुठलंही इंजिन चालू झालं की त्यांना राहवत नसे. आमच्या एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला पंगत बसली होती, सरांनी वरणभात कालवला होता, आणि बाहेर कुणीतरी टेम्पो सुरू केला. सर उठले. भाताने माखलेला हात तसाच वर धरून बाहेर गेले, बॉनेटला कान लावला आणि ड्रायव्हरला म्हणाले, “याचा पट्टा ढिला आहे, आज बघून घे.” मग परत येऊन यजमानांची माफी, वाढप्याची माफी, शेजारच्या पानावरच्या आजोबांची माफी. यजमानीणबाई हसून हसून बेजार झाल्या. सगळे त्यांच्यावर हसायचे आणि सगळ्यांना ते आवडायचे. गाडीचं काही अडलं की माणसं गॅरेजच्या आधी त्यांच्याकडे यायची.

अशाच काळात त्यांना लहान पुलीचं वेड लागलं. इंजिनाच्या पुढच्या तोंडाला एक चाक असतं. पट्ट्यावरून तेच पाण्याचा पंप फिरवतं, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतं, एसी असला तर त्याचा कॉम्प्रेसर फिरवतं. हे चाक लहान बसवलं की ही सगळी मंडळी सावकाश फिरतात. त्यांना फिरवण्यात इंजिनाची जी ताकद जाते त्यातली थोडी वाचते आणि गाडी ओढायला मिळते. अंडरड्राइव्ह पुली म्हणतात तिला. सरांनी आमच्याच लेथवर अॅल्युमिनियमची एक कातली, स्वतःच्या जुन्या गाडीला बसवली आणि मला बाजूला बसवून वाघोबा खिंडीच्या चढावर नेलं.

“बघा, बघा मॅडम, कशी निघाली!” ते म्हणाले. मला खरं तर फारसा फरक कळला नाही, पण त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी म्हटलं, हो सर, हलकी वाटते. डिझेलही जरा कमी लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

तोटे त्यांना माहीत नव्हते असं नाही, तोटे तर त्यांना पाठ होते. पत्र्याच्या भिंतीपलीकडून मी ते कितीदा तरी ऐकलेत. गाडी उभी राहून इंजिन नुसतं फुरफुरत असेल तर अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही, बॅटरी उतरते, दिवे मंद होतात. पाणी सावकाश फिरतं, त्यामुळे गर्दीत अडकलं की इंजिन तापतं. कारखान्यातून येते त्या पुलीत बहुतेकदा रबराचा थर असतो, तो इंजिनाचे हिसके गिळतो. आपली नुसती धातूची, म्हणजे ते हिसके सरळ क्रँकशाफ्टला, इंजिनाच्या मुख्य दांड्याला. “शर्यतीच्या गाडीला हे चालतं,” ते सांगायचे, “कारण ती कधी उभीच राहत नाही.” सगळं बरोबर सांगायचे. आणि पुढे जे झालं ते हे सगळं बरोबर सांगणाऱ्या माणसाच्या हातून झालं.

मुरबे या किनाऱ्यावरच्या गावातल्या नर्मदाताई बोईसरच्या बाजारात मासळी विकायच्या. धंद्यात जिगर होती. त्यांनी थंड पेटीचा एक जुना टेम्पो घेतला. पेटी थंड ठेवणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर चालायचा. सातपाटीच्या बंदरावर पापलेट, दाढा, कोळंबी घ्यायची आणि थेट मनोर, विक्रमगड, जव्हारच्या बाजारात उभं राहायचं, असा त्यांचा बेत. डोंगरातल्या त्या गावांना तोवर बहुतेक सुकी मासळीच माहीत. टेम्पो त्यांचे यजमान रघुनाथ चालवायचे. पण भरलेली गाडी जव्हारच्या घाटात धापा टाकायची, मागच्या गाड्या हॉर्न मारायच्या. कुणीतरी त्यांना शेलारसरांचं नाव सांगितलं.

सरांनी बॉनेटला कान लावला, लहान पुली बसवून दिली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “ताई, पेटी थंड आहे ना? मग एवढा बर्फ कशाला वाहताय? नुसतं वजन.”

नर्मदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्या बर्फाच्या थरात मासळी रचणाऱ्या घरातली बाई ती. पण समोर सर होते, साऱ्या बोईसरच्या गाड्या बऱ्या करणारे. “तुमी बोलता तर कमी करू,” त्या म्हणाल्या.

गाडी घाट चढू लागली. रघुनाथ खूश, सर खूश. जव्हारपर्यंत गाडी सतत पळती असायची आणि मासळी सकाळीच संपायची, म्हणून काही कळलं नाही. सरांनी हिशेब पळणाऱ्या गाडीचा केला होता. मासळी विकणारी गाडी थोडा वेळ पळते आणि बाकी वेळ उभी असते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. कोरेगावच्या माणसाला ते कुठून सुचणार, असं मी एकदा त्यांच्या बाजूने बोलून पाहिलं. “मॅडम, इतकी वर्षं मी इथे राहतोय,” ते म्हणाले.

मे महिन्यात सातपाटीला नर्मदाताईंच्या बहिणीच्या मुलीची हळद होती. हळदीच्या जेवणाची मासळी मावशीने आणायची, हे मावशीने स्वतः हट्टाने मागून घेतलं होतं. पापलेट निवडून निवडून घेतले. दुपारी टेम्पो मांडवाशेजारी आणून उभा केला, इंजिन चालू, पेटी बंद. आचारी संध्याकाळी लागणार होते. मधेच रघुनाथना इंजिनाच्या तापमानाचा काटा चढलेला दिसला, त्यांनी बॉनेट उघडून ठेवलं आणि म्हणाले, उन्हाळाच तसा आहे. आत कॉम्प्रेसर रेंगाळत फिरत होता आणि बर्फ नावापुरता होता.

संध्याकाळी पेटी उघडली. पुढचं मला सातपाटीच्याच एका विद्यार्थिनीने सांगितलं. वधूच्या मामाने आत वाकून पाहिलं आणि दार परत लावून घेतलं. मग चार माणसं बोलावली. क्रेट एकेक करून मांडवातून, हळद लावायला बसलेल्या बायकांच्या समोरून, किनाऱ्याकडे नेले, कारण तिकडे जायला दुसरी वाट नव्हती, आणि वाळूत पुरले. नर्मदाताई मागून चालत होत्या. वाजंत्री थांबली होती. शिव्या कुणी दिल्या नाहीत, दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं ती मुलगी म्हणाली. बोईसरहून ब्रॉयलर कोंबड्या आणल्या आणि मच्छीमाराच्या घरची हळद कोंबडीवर झाली. त्या बाजूला ही गोष्ट कशी पसरली असेल हे मी सांगायला नको. बाजारात बायका नर्मदाताईंच्या पाटीतला मासा आधी नाकाशी न्यायच्या आणि मग पुढच्या पाटीकडे जायच्या.

कारण कळायलाही काही दिवस गेले. तोवर त्या नवऱ्यावर चिडल्या, बर्फवाल्यावर चिडल्या, स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतली. बॅटरी वारंवार उतरते म्हणून रघुनाथ टेम्पो घेऊन आमच्या कार्यशाळेत आले तेव्हा सरांनी बॉनेट उघडलं, आणि बोलता बोलता हळदीचं ऐकलं. मी भिंतीअलीकडे होते. पलीकडचा आवाज एकदम बंद झाला म्हणून मी डोकावले. सर पुलीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी त्याच दिवशी जुनी पुली परत चढवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोईसरच्या मासळीबाजारात गेले.

मीही गेले होते, त्यांनीच बोलावलं म्हणून. ओट्यांच्या मधोमध उभे राहून ते मोठ्याने म्हणाले की नर्मदाताईंची मासळी खराब झाली ती माझ्यामुळे, गाडीत मी चुकीचा पार्ट टाकला, बर्फ कमी करा म्हणून मीच सांगितलं, त्यांचा काडीचा दोष नाही. बायकांनी कोयते थांबवून ऐकलं. एक जण म्हणाली, “मंग आता आमी काय करू?” ते वाकून सगळ्यांना नमस्कार करत सुटले. नर्मदाताई मान खाली घालून बोंबील लावत होत्या, लावलेलेच परत लावत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो भला माणूस जे करत होता ते योग्यच होतं, तरी आपण इथून निघून जावं असं वाटत होतं.

तिथे संपलं असतं तर हे लिहिलंच नसतं. पण सरांचं मन एका माफीने भरणारं नव्हतं. पुढच्या वर्षापासून त्यांनी पुलीचा धडा वर्गात घेणं बंद केलं. तुकडी घेऊन ते थेट मुरब्याला, नर्मदाताईंच्या अंगणात जायचे. संस्थेच्या नियमाने सोबत दुसरं कुणी लागायचं, तर मी. अंगणात टेम्पो उभा असायचा, बाजूला दोरीवर बोंबील वाळत असायचे, मुलं जमिनीवर गोल करून बसायची. सर टेम्पोच्या दारावर खडूने पट्टा आणि पुली काढायचे. फायदे सांगायचे, मग तोटे, आणि मग हळद. क्रेट मांडवातून कसे गेले इथपर्यंत सगळं सांगायचे, स्वतःला जराही न सोडता. “आणि या त्या ताई,” असं म्हणून ते त्यांच्याकडे वळायचे, सगळ्या पोरांदेखत हात जोडायचे. दरवर्षी त्यांचे डोळे भरून यायचे. पोरं गप्प व्हायची. तसा तास मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही, हे मला मान्य करायलाच हवं. त्या पोरांपैकी एकाने तरी गाडीचं काम काय ते न विचारता कुणाच्या गाडीत काही टाकलं असेल असं मला वाटत नाही.

नर्मदाताई दारात उभ्या राहून ऐकायच्या. चहा करायच्या. आम्ही निघताना सर मोकळे दिसायचे, बसमध्ये पोरांशी चेष्टामस्करी करायचे, कधी जुनं गाणंही म्हणायचे. बाजारात भेटले की ते त्यांच्याकडूनच मासळी घ्यायचे, सांगतील त्या भावाने, न बघता, आणि जाताना आजूबाजूला ऐकू जाईल असं म्हणायचे, “एक नंबर मासळी!” ते ऐकून नर्मदाताईंचा चेहरा कसनुसा व्हायचा. मी समजायचे, संकोच होत असेल.

अशी काही वर्षं गेली. मग एका वर्षी तास संपला, पोरं किनाऱ्याकडे पळाली. मी ग्लास गोळा करत होते. नर्मदाताई पायरी उतरून सरांजवळ आल्या.

“सर, एक बोलू?”

“बोला ना ताई.”

“पुढल्या साली नका येऊ.”

सरांचे हात आपोआप जुळायला निघाले. “माझं काही चुकलं का? मला माफ—”

“तेच नको.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. “ती मासळी वाळूत पुरली, ते झालं ते झालं. लोक विसरायला लागलेत. माजी भैन पन बोलते माज्याशी. पन तुमी दरसाल नवी पोरं आनता नि तेना दाखवता, हीच ती बाई. ती पोरं मंग बोईसरला फिरतात. परवा एक जन दुसऱ्याला बोलला, इनसे मत ले, यही वो सड़ी मछलीवाली. माज्या समोर, सर. तुमी चूक तुमची सांगता नि वास माज्या नावाला येतो.”

सरांचे हात तसेच मधेच थांबले.

“तुमचं मन हलकं होतं. जाताना तुमी हसत जाता, मी बघते ना. मला पुढं चार दिवस जेवन जात नाय.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “तुमी मानूस चांगले हाव. म्हनून इतकी साल बोलली नाय.”

टेम्पोच्या दारावर खडूचा पट्टा अजून तसाच होता. थोड्याच वेळापूर्वी सर पोरांना विचारत होते की गाडीला ही जास्तीची ताकद मिळाली, ती कमी कुणाची झाली. “पट्ट्यावर फिरणाऱ्यांची!” असं पोरांनी एका सुरात उत्तर दिलं होतं.

सरांनी अर्धे जुळलेले हात सोडवले. मग त्यांना ते कुठे ठेवावे कळेना. एक हात खिशात गेला, एक तसाच लोंबत राहिला. आयुष्यभर जो शब्द त्यांनी कुत्र्यामांजरांनासुद्धा वाटला, तो आता म्हणायची सोय नव्हती, आणि दुसरा कुठला त्यांच्याकडे नव्हता. शेवटी त्यांनी रुमालाने दारावरची आकृती पुसली. नीट, कोपऱ्यापर्यंत पुसली. नर्मदाताई पाहत होत्या. मी हातातल्या ग्लासांकडे पाहत होते. इतकी वर्षं मी तिथे चहा पीत होते, बाई असून त्या बाईच्या तोंडाकडे मी नीट पाहिलं नव्हतं, याची मला अजून लाज वाटते.

परतताना सर बसमध्ये पुढे एकटे बसले. पोरांनी गाण्याचा आग्रह केला तेव्हा घसा बसलाय म्हणाले.

पुढच्या वर्षी पुलीचा धडा वर्गात झाला. मी माझ्या तुकडीला जोडणीचं काम लावून दिलं आणि भिंतीला कान दिला. फायदे झाले, तोटे झाले. “एक गाडी होती, थंड पेटीची,” सर म्हणाले. “उभी राहिली आणि आतला माल गेला.”

एका मुलाने विचारलं, “सर, किसकी गाड़ी थी?”

“होती एकाची.” मग खडूचा आवाज आला. “आता पाण्याचा पंप बघू.”

तास बेताचाच झाला. कुणाचे डोळे भरले नाहीत, पोरं मधेच कुजबुजली, आणि सरांनी घंटा व्हायच्या आधी सोडून दिलं. नंतर ते चहाला आले तेव्हा मी म्हटलं, आज लवकर संपला. ते म्हणाले, “चांगला शिकवायचो मी तो धडा, नाही?” मी हो म्हटलं. “तिच्या जिवावर,” ते म्हणाले आणि बशीत चहा ओतू लागले.

त्यानंतर त्यांनी मासळीबाजाराची गल्ली सोडली. सालवडहून येताना तीच जवळची वाट, पण ते भाजीबाजारावरून वळसा घालून यायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “मला बघितलं की तिला ते आठवणार. कशाला?” निवृत्त झाले, निरोपसमारंभात भाषण करायला उभे राहिले आणि मला वाटलं आता सगळ्यांची माफी मागतील. पण सगळ्यांचे आभार मानून ते खाली बसले. प्राचार्यांना सुद्धा चुकल्यासारखं झालं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बोईसरलाच. मी नर्मदाताईंच्या ओट्यावर कोळंबी घेत होते. मान वर केली तर गल्लीच्या तोंडाशी सर, हातात कापडी पिशवी, थकलेले. आत यावं की नाही अशा बेतात उभे. ते मागे वळणार तोच नर्मदाताईंनी हाक मारली, “या सर, पापलेट हाय.”

ते आले. माझ्याकडे पाहून ओळखीचं हसले. भाव विचारला. नर्मदाताईंनी सांगितला. सरांचा हात लगेच पाकिटाकडे गेला.

“सर,” नर्मदाताई हलक्या आवाजात म्हणाल्या, “भाव करा. सगळे करतात.”

सर गोंधळले. पापलेटांकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. एक मासा उचलून खालीवर केला आणि परत ठेवला. “जास्त सांगताय ताई,” ते कसंबसं म्हणाले. “जरा कमी करा.”

“नाय जमत.”

“थोडं तरी.”

“नाय परवडत, सर. जास्त वाटतं तर पुढं बघा,” त्या रोजच्या, धारदार आवाजात म्हणाल्या, माझ्याशीही तशाच बोलतात, आणि ओट्यावर पाणी मारायला लागल्या.

सरांनी पुन्हा एकदा पापलेटांकडे पाहिलं. मग मान हलवून त्यांनी पिशवी काखेत मारली आणि खरंच पुढे निघाले.

शेजारच्या ओट्यावर एक तरुण बाई नव्यानेच बसायला लागली होती. तिने जाणाऱ्या सरांकडे पाहत विचारलं, “कोन ग ते? सर बोलतेस तेना.”

“कोन नाय,” नर्मदाताई म्हणाल्या. “गिऱ्हाईक.”

सर अजून ऐकू जाईल एवढ्या अंतरावर होते.